मीठमोजणीवालीचं रक्त पातळ निघालं

मात्सुनोसावाच्या खालच्या गावचं इस्पितळ,
दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
२४ ऑगस्ट

चि. तोकुझो यास,

फुसाएताईचे आशीर्वाद. (देताना हात जरा आखडलाच होता, पण थोरल्या बहिणीला आशीर्वाद राखून ठेवायची सोय नाही, म्हणून दिले.) पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात, तेव्हा लिहिते. भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या असतील आणि बांधावर चतुर भिरभिरत असतील. असतील म्हणते, कारण मला इथून फक्त वाळत घातलेल्या चादरी आणि गाड्या लावायची जागा दिसते. तुझी तब्येत उत्तम असणारच. सूपमध्ये दीड टक्क्याच्या वर मीठ खाणाऱ्या माणसाला आपल्या गावात कधी काही होत नाही, जे काही व्हायचं ते मीठ मोजणारीला होतं. चार घरं सोडून राहणाऱ्या भावाला टपालाने पत्र लिहायची वेळ माझ्यावर यावी याची तुला लाज वाटत असेल तर वाटू दे. फोन तू उचलत नाहीस. माझ्या घरच्या दुपारच्या चहाला तू तीन वर्षांत फिरकला नाहीस. मग मी करायचं काय, कबुतर पाठवायचं?

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे पत्र अर्ध्यावर टाकलंस तरी कळेल. येत्या एकोणतीस तारखेला तुझ्या दाजींचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे. ते मला माझ्या घरी, माझ्या हातांनी करायचंय. आणि इथली डॉक्टरीण, कुरोसे नावाची, (वय असेल तीस, आपल्या गावात तिला कुणी मुळे उपटायलाही घेणार नाही) ती मला सोडायला तयार नाही. माझ्या रक्तातल्या सोडियमचा आकडा म्हणे एकशे पस्तीस व्हायला हवा. मला इथे आणलं तेव्हा एकशे अठरा होता. आज एकशे एकतीसवर येऊन अडून बसलाय. चार आकडे, तोकुझो! चार आकड्यांसाठी एका विधवेला नवऱ्याच्या श्राद्धाला मुकावं लागणार. आजवर मी कितीतरी लोकांना आकड्यावरून नापास केलंय हे मला ठाऊक आहे, तू तोंड उघडू नकोस.

आता हे कसं झालं ते नीट ऐक, कारण गावात तीन वेगवेगळ्या हकीकती फिरताहेत आणि तिन्हींमध्ये मी वेडी आहे. दोष माझा नाही. दोष गावच्या लाऊडस्पीकरचा आहे. जुलैपासून तो रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला ओरडतो की ज्येष्ठ नागरिकांनी तहान लागायची वाट न बघता पाणी प्यावं. खांब नेमका माझ्या काकड्यांच्या वाफ्याशेजारी. तू कानात बोळे घालतोस, तुला काय! मी मात्र सरकारने सांगितलं की ऐकणारी बाई. दोन लिटरची बाटली घेतली, तिच्यावर शाईने रेघा मारल्या, दहापर्यंत इथपर्यंत, बारापर्यंत इथपर्यंत. आठवड्याभरात दिवसाला एक बाटली कमी पडून दुसरी सुरू झाली, ऑगस्टमध्ये दुसरीही पुरेना. शेजारची कियोनो एकदा कुंपणावरून म्हणाली, "अगं, नुसतं पाणी काय ढोसतेस, बरोबर एक खारवलेला आलुबुखार तरी चोख. घाम बघ किती गळतोय." मी तिला तिथेच अर्धा तास व्याख्यान दिलं. एका आलुबुखारात किती मीठ असतं ते हातातल्या काकडीवर रेघा ओढून दाखवलं. बिचारी काकडी घेऊन घरी गेली. (आता रोज इथे भेटायला येते आणि त्या आलुबुखाराचं नावही काढत नाही. नुसती हसते. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.)

शिवाय माझी रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त करवणारी. शिवाय उन्हाने जेवण कमी झालेलं, दोन घास भात आणि बिनमिठाची वांगी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डोकं जड झालं, मळमळायला लागलं, पाय लटपटायला लागले. मी म्हटलं, ऊन लागलं. उन्हाला औषध काय, तर पाणी. आणखी प्यायले. आणखी लटपटले. आणखी प्यायले. पाण्याने केलेल्या दुखण्यावर पाण्याचाच उतारा, असली अक्कल माझी, पण तेव्हा मला कोण सांगणार? जो सांगू शकला असता तो चार घरं वर तोंड फुगवून बसला होता.

मग पंधरा तारीख. पितरांच्या सणाची देवळातली पंगत. मीठ मोजायचा मीटर घेऊन मी गेले, दर वर्षी जाते, यात नवीन काही नाही. सूपमध्ये बुडवला, शून्य पॉइंट सात, पास. इथपर्यंत मला आठवतंय. पुढचं कियोनोने सांगितलेलं. (हसत. दोनदा उचकी लागली तिला.) मी म्हणे नंतर चहात बुडवला. मग हात धुवायच्या पाण्यात. मग पितरांपुढच्या कमळांच्या फुलदाणीत बुडवला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "शून्य! शाब्बास! सगळ्या गावाने हिचा आदर्श घ्या!" लोकांना वाटलं म्हातारी यंदा विनोद करतेय. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी. मग मी मंत्र म्हणत बसलेल्या गेनशो गुरुजींपुढे जाऊन उभी राहिले, त्यांना तुझे दाजी समजले आणि म्हटलं, "अहो, पुन्हा लोणचं खाल्लंत ना? आ करा बघू." आणि तोकुझो, त्या भल्या माणसाने आ केला! वर कबुलीही दिली की सकाळी दोन फोडी खाल्ल्या, कुणाच्या घरच्या तेही सांगितलं. (तुझ्याच.) त्यानंतर मी खाली कोसळले. सत्तर वर्षं मी त्या देवळात जातेय, कधी मोठ्याने शिंकले नाही.

इथे आणल्यावर हातात सुई, वर लटकवलेली बाटली. शुद्ध यायला दोन दिवस लागले. शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, बाटलीत काय आहे? डॉक्टरीण म्हणाली, मिठाचं पाणी. मी विचारलं, किती टक्के? म्हणाली, शून्य पॉइंट नऊ. मी उठून बसले. म्हटलं, बाई, आमच्या मीठमोजणी मंडळाची सूपची मर्यादा शून्य पॉइंट आठ आहे, हे नापास आहे, काढा आधी. तर ती कार्टी खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आजी, माणसाचं रक्तच साधारण या बाटलीइतकं खारट असतं. तुमचं, माझं, सगळ्यांचं." म्हणजे बघ! बावीस वर्षं मी घरोघर फिरून ज्यांच्या सूपला लाल टिकल्या लावल्या, ते सगळे आतून नापासच होते. मीही. आणि हे मला कुणी सांगितलं नाही. मंडळाच्या पुस्तिकेत नाही, प्रशिक्षणात नाही, कुठे म्हणून कुठे नाही. मी पुस्तिका छापणाऱ्यांना वेगळं पत्र लिहिणार आहे.

ती पुढे म्हणाली, "तुमचं मीठ थोडं गेलं, पण पाणी फार झालंय." म्हटलं, माझ्या भाषेत सांगा. तर म्हणाली, "पातेल्यात सूपचा खारट मिसो तेवढाच ठेवून दोन तांबे पाणी ओतलं तर तुमचा मीटर काय दाखवेल?" दोन तांबे ओतलेलं सूप! ते मी, तोकुझो. फुसाए, मीठमोजणी मंडळाची अध्यक्ष, पाणचट निघाले. म्हणे आपल्या डोक्यात मेंदूच्या बुडाशी एक मीटर असतोच, जन्मापासून. रक्त जरा खारट झालं की तो तहान लावतो आणि मूत्रपिंडांना हुकूम सोडतो, पाणी धरून ठेवा. पातळ झालं की हुकूम मागे, सोडा पाणी, भरा मोरी. मीठ कमी पडलं तर मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत, त्या मीठ वाचवायला सांगतात. आणि हे सगळं दिवसरात्र, शंभरात एक-दोनच्या फरकावर. माझा मीटर दशांशापर्यंत दाखवतो म्हणून मी मिरवत होते! माझ्याच डोक्यात माझ्याहून बारीक मोजणारं कुणीतरी बसलेलं, आणि मी त्याच्या नाकावर टिच्चून रेघा मारलेली बाटली पीत होते. वर त्या गोळीने मूत्रपिंडांना मीठ फेकायला लावलं, उन्हाने घामातून नेलं, आणि घाबरून डोक्यातला तो मीटर "धरून ठेवा, धरून ठेवा" एवढंच म्हणत बसला. मी वरून ओतत होते, तो आतून धरत होता. मग मेंदू फुगून माणसाला कमळाच्या फुलदाणीत आदर्श दिसायला लागतो.

आता म्हणशील, मग लवकर मीठ द्या आणि मोकळी करा. मीही तेच म्हटलं. तर नाही! हळूहळूच चढवायचं म्हणे, घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. गोळी बंद केली, पाणी दिवसाला चार पेले, आणि बाकी जेवणातून. जेवणातून! आता खरं दुःख ऐक. या इस्पितळाचं जेवण किती आळणी आहे याची तुला कल्पना नाही. सूप म्हणजे कोमट पाणी, त्यात टोफू आत्महत्या करायला उतरल्यासारखा. उकडलेली पालेभाजी, तिच्यावर काही नाही. मासा, त्याच्यावर लिंबू, लिंबावर काही नाही. मी घंटा वाजवून मुदपाकखान्याच्या बाईंना बोलावलं आणि विचारलं, हा स्वयंपाक कुठल्या नालायकाने ठरवला? त्यांनी भिंतीवरचा कागद काढून आणून दाखवला. खाली सही माझी. सहा वर्षांपूर्वी मंडळातर्फे मीच तीन बैठका घेऊन, टेबलावर मूठ आपटून ठरवून दिलेला. त्या बाईंना तोंड लपवायला वाडगा पुरेना. मी आजारी आहे म्हणून सोडून दिलं, नाहीतर…

पण एक गोष्ट मी कुणाला बोलू देणार नाही, आणि तुलाही नाही. गावातले टवाळ आता म्हणताहेत की बावीस वर्षांचं सगळं थोतांड होतं. मुळीच नाही. तुझ्या दाजींचा पहिला झटका तुला आठवतो? उजवा हात गेला, वाचा गेली, खालच्या गावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत दिली होती. त्यांच्या ताटातलं मीठ मी माझ्या हातांनी काढलं आणि दोन वर्षांची दहा करून दाखवली. दहा हिवाळे माझ्याशेजारी बसून बर्फ बघितला त्या माणसाने. मी मोजलं म्हणून. डॉक्टरीणही म्हणाली की मोजणं बरोबरच होतं, आपल्या गावात मीठ जास्तच खातात, चुकलं ते शेवटचं टोक गाठणं. अति तिथे माती. (हे ती म्हणाली नाही, मी म्हणतेय. तिला म्हणी येत नाहीत.)

आणि तीन वर्षांपूर्वीच्या मंडळाच्या सभेचं. तुला वाटतं मी ते विसरले. तुझ्या सूपचा आकडा एक पॉइंट सहा आला होता, नावं वाचायची नसतात हा नियमही माझाच होता, आणि मी तुझं नाव वाचलं. "हा तर माझाच भाऊ" असंही म्हटलं, लोकांनी हसावं म्हणून. हसले. तेव्हा तू उठून फक्त एवढंच म्हणालास, "दाजींना शेवटी एक फोड द्यायला हवी होतीस, ताई," आणि टोपी घालून निघून गेलास. सगळ्यांसमोर! उचलली जीभ लावली टाळ्याला! मी त्यानंतर तीन वर्षं रोज तुला मनातल्या मनात उत्तर देतेय आणि एकही उत्तर अजून नीट जमलेलं नाही, याचा मला फार राग येतो.

दुसरी एक चौकशी. इथली परिचारिका सांगते की मी बेशुद्ध होते ते दोन दिवस बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसून होता. नाव सांगेना. भर उन्हाळ्यात अंगात जाकीट, आणि जाकिटाला धुराचा वास. आत ये म्हटलं तर येईना, चहा दिला तर पिईना. ती बाहेर आली की उठून उभा राहायचा आणि एकच विचारायचा, "आकडा किती?" एकशे अठरा सांगितलं की बसायचा. एकशे एकवीस सांगितलं की बसायचा. मी डोळे उघडले म्हटल्यावर उठून निघून गेला, टोपी विसरला. मुळे धुरावायच्या खोपटातलं जाकीट बारा महिने घालून हिंडणारा इसम आपल्या खोऱ्यात एकच आहे, पण मी काही कुणावर आळ घेत नाही. टोपी माझ्या उशाशी आहे. आतून फाटली आहे, शिवून ठेवली.

तेव्हा असं आहे सगळं. प्रकृतीला जप, उन्हात फिरू नकोस, आणि वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घे, गाढवा. इथल्या खाटेवरून याहून जास्त रागावता येत नाही.

तुझी,
फुसाएताई

ता. क. वर लिहिलंय की आकडा एकशे एकतीसवर जेवणामुळे अडलाय. ते तितकंसं खरं नाही. काल डॉक्टरीणबाईंनी माझी उशी उचलली तर खाली पाण्याची बाटली सापडली, रेघा मारलेली. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला मी चोरून पीत होते. का, ते तिने विचारलं. मी म्हटलं, सवय. खरं कारण तुला सांगते. चार पेल्यांवर बरी झाले असते तर माझं पाणी पिणं चुकलंच असं झालं असतं, आणि मग बाकीचंही चुकलं का, हे बघावं लागलं असतं. बाटली तिने नेली. ती ओरडली नाही.

आणखी एक. मुदपाकखान्याला माझी सही मोडायची हिंमत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला चिठ्ठी लिहून दिली आहे: रोज वाडगाभर खरं मिसो सूप आणि लोणच्याच्या दोन फोडी. खाली शिक्का आहे. दुकानातलं लोणचं मला गिळत नाही. आईच्या कृतीचं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं आता फक्त तुझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यातला शेवटचा बुधला तू अजून फोडला नसशील, कारण तू दर वर्षी तो सणासाठी ठेवतोस. कियोनोच्या हाती पाठवू नकोस, ती वाटेत हसून सांडेल. तू स्वतः घेऊन ये. टोपी घ्यायला तरी ये.

शेवटचं. त्या दिवशी दाजींनी डाव्या हाताने माझी बाही धरली होती आणि तू आणलेल्या लोणच्याच्या डब्याकडे बोट केलं होतं. तुला वाटतं मी पाहिलं नाही. पाहिलं. डबा मी बंद करून तुझ्या हातात परत दिला, कारण मला वाटत होतं की अजून एखादा हिवाळा मिळेल. संध्याकाळी ते गेले. एकोणतीस तारखेला त्यांच्या ताटात तुझ्या लोणच्याची फोड तू वाढायचीस, जाडजूड, आई कापायची तशी. मी काही बोलणार नाही. मीटर या पत्रासोबत तुझ्याकडेच पाठवतेय. तुझ्या बुधल्यात बुडवून बघू नकोस, जे येईल ते मला सांगूही नकोस. बॅटरी मी काढून ठेवली आहे.